दुखणे छातीचे, तपासणी पोटाची

आमच्या शहागडात सोनोग्राफी म्हटले की लोकांना गरोदर बाईच आठवते. त्याला कारणही आहे. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा आला, आणि सोनोग्राफी केंद्राच्या दारावरची ती पाटी सर्वांच्या डोळ्यांत बसली.

माझ्या थोरल्या चुलत्यांना चालताना धाप लागे, पाय सुजत. डॉक्टरांनी ईसीजीबरोबर पोटाची सोनोग्राफीही सांगितली. "दुखणं छातीचं अन् तपासायचं पोट? ती तर बायांची तपासणी," म्हणून ते हटून बसले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच, तोही कला शाखेचा! तरी समजावण्याचे काम माझ्याकडेच आले. ग्रंथालयात बसून जे उमगले ते मांडतो.

माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. या यंत्राचा ध्वनी साधारण २० ते ५० लाख कंपनांचा असतो. तो अवयवांवर आदळून परततो व त्या प्रतिध्वनींवरून चित्र उमटते. हवा त्याला अडवते, म्हणून पोटावर जेली लावतात आणि उपाशीपोटी बोलावतात.

आता हृदयाचा संबंध. जायकवाडीच्या भिंतीमागे गोदावरीचे पाणी तुंबून पार मागेपर्यंत फुगवटा जातो. तसेच हृदय दुबळे झाले की रक्त मागे तुंबते. पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी नीला फुगते, यकृत सुजते, पोटात पाणी साठते. हे सारे सोनोग्राफीत दिसते. चुलत्यांना पटले ते या फुगवट्यानेच.

दुसरी गोष्ट महारोहिणीची. पोटात तिची रुंदी साधारण २ सें.मी. असते. ती ३ सें.मी. वा अधिक झाली तर फुगा धरला असे मानतात. हा विकार विडी-सिगारेट ओढणाऱ्या वयस्क पुरुषांत अधिक. मग तपासणी बायांचीच कशी? फुगा फुटेपर्यंत बहुधा कळतही नाही. आइन्स्टाइन १९५५ साली याच विकाराने गेले. इंग्लंडमध्ये पुरुषांना पासष्टीला या तपासणीसाठी बोलावतात.

मात्र हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांतील अडथळा पोटाच्या सोनोग्राफीत दिसत नाही. त्याला अँजिओग्राफी लागते. झडपा व हृदयाचे आकुंचन पाहण्यास इको असतो. तोही ध्वनीचाच खेळ, १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्झ यांनी सुरू केलेला.