गाय उलटते तेव्हा बाटलीआधी वैरण बघा

कर्ज काढून घेतलेली गाय दोन-तीनदा उलटली की घरातली बाई दुकानातून व्हिटॅमिनची बाटली आणते. एक माज हुकला की पुढचा २१ दिवसांनी. तोवर चाराही चालू आणि हप्ताही. घाई समजते. पण गायीला कमी काय पडते आहे?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे पावसाळ्यात हिरवे गवत भरपूर. उन्हाळ्यात मात्र दावणीला नुसता भाताचा पेंढा. हिरव्या पानांतल्या कॅरोटीनपासून गायीच्या शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. पेंढ्यात कॅरोटीन जवळपास नसतेच. यकृतातला साठा काही महिने पुरतो. तो संपला की गाय गाभण राहत नाही, वार अडकते, वासरू अशक्त किंवा आंधळे जन्मते. आपल्या बाळांना नवव्या महिन्यापासून पाजतात तेच हे ‘अ’ जीवनसत्त्व.

‘ब’ गटातली जीवनसत्त्वे निरोगी गायीच्या पोटातले जंतूच बनवतात, ‘क’ तिचे शरीर बनवते, ‘ड’ उन्हातून मिळते. त्यामुळे धडधाकट गायीला बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक पाजणे मला पैशांची नासाडी वाटते. त्याच पैशात खनिज मिश्रण घ्या, रोज सुमारे ५० ग्रॅम खुराकात द्या. पेंढ्यात फॉस्फरसही कमीच असतो. सोबत शेवग्याचा पाला, चवळीचा वेल, बांधावरचा दशरथ घास. सुबाभूळ चालेल, पण बेताने.

‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम व्यायच्या आधीच्या आटवणीच्या काळात दिल्यास वार अडकण्याचे प्रमाण कमी होऊ शकते. मात्र हे पशुवैद्यकाला विचारूनच. सेलेनियम जास्त झाले तर विषबाधा होते, आणि ‘अ’ही शरीरात साठून राहते.

उलटण्यामागे दरवेळी जीवनसत्त्वच नसते. गर्भाशयात संसर्ग असू शकतो, किंवा भरवायची वेळ चुकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

आता नर्स म्हणून एक गोष्ट. १२ तासांत वार पडली नाही तर आपल्या बायका उघड्या हातांनी ओढतात. तसे करू नका. गायीला ब्रुसेला असेल तर तो वारेतून, गाभडलेल्या वासरातून आणि कच्च्या दुधातून माणसाला होतो. मग ताप येतो-जातो, सांधे धरतात, महिनोन्महिने निदान होत नाही. गरोदर बाईने तर वारेला हातच लावू नये. पडलेली वार हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरा. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस सरकारी मोहिमेत मोफत टोचतात; दवाखान्यात विचारा.