सिन्नर तालुक्याची भूरचना, पाणी व शेतीचे अर्थकारण

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी व सिन्नर हे तालुके एकमेकांस लागून आहेत. परंतु पावसाच्या बाबतीत त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेस येताना ढगांतील पाणी सरते आणि सिन्नरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत सापडतो. तालुक्याच्या पश्चिम व दक्षिण अंगास डोंगर, तर पूर्वेस उतरत गेलेली मोकळी पठारे. देवनदी ईशान्येकडे गोदावरीस मिळते. म्हाळुंगी मात्र संगमनेरकडे वळून प्रवरेत जाते.

डोंगरउताराची जमीन बरड व मुरमाड, तर नदीकाठची काळी व खोल. माळावर बाजरी पिकते. पाण्याखालील रानात गहू, हरभरा, कांदा व टोमॅटो. म्हणजे येथील शेतकऱ्याची मिळकत जमिनीच्या क्षेत्रावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक पाण्यावर अवलंबून आहे. ज्या घरांना शेती पुरली नाही, त्यांना विडीच्या धंद्याने आधार दिला. पुढे मुसळगाव व माळेगाव येथील कारखान्यांनी दिला. २०२३ पासून समृद्धी महामार्गही या तालुक्यातून वाहता झाला आहे. परंतु रस्त्याने माल नेण्यास आधी तो पिकला पाहिजे.

देवनदीवरील जुन्या बंधाऱ्यांचे महत्त्व येथेच दिसून येते. नदीच्या पात्रात आडवी, बुटकी दगडी भिंत घालावयाची, त्यामुळे थोडे चढलेले पाणी एका बाजूच्या पाटात घ्यावयाचे, एवढीच ही योजना. पाटाचा उतार नदीच्या उतारापेक्षा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे पाट जसजसा पुढे जातो, तसतसा तो नदीपासून उंच व दूर होत जातो आणि दोहोंमधील सर्व जमीन आपोआप भिजते. इंजिन नको, वीज नको. जास्तीचे पाणी भिंतीवरून पुन्हा पात्रात पडते व खालच्या बंधाऱ्यास मिळते.

विहिरी व मोटारी वाढल्या, तसे पाटांकडे दुर्लक्ष झाले. गाळ साचला, काठ फुटले, कोठे पाटाची जागाच नांगराखाली गेली. यातील हानी लगेच ध्यानात येत नाही. सिन्नरचा खडक काळा पाषाण. त्याच्या वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात व भेगांतच काय ते पाणी साठते. पावसाळ्यात पाट वाहता असला म्हणजे त्याच्या तळातून झिरपणारे पाणी याच थरात उतरते व आसपासच्या विहिरींना मिळते. पाट बुजला की विहीर आटते. मग शेतकरी कर्ज काढून विंधन विहीर घेतो आणि पुष्कळदा कोरड्या पाषाणात पैसा घालवून बसतो.

युवा मित्र या संस्थेने गावकऱ्यांस बरोबर घेऊन देवनदीवरील असे अनेक बंधारे व पाट दुरुस्त करविले. दुरुस्तीचे काम त्या मानाने सोपे होते. पाळी ठरविणे, पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यासही त्याचा वाटा पोहोचविणे आणि दर वर्षी गाळ काढणे, हे अवघड होय. पाटाच्या तोंडाशी शेत असणाऱ्यास दुरुस्तीची निकड वाटत नाही, आणि टोकाच्या शेतकऱ्यास पाणी न मिळाल्याने तो वर्गणी देत नाही. यास्तव पाणीवापर संस्थेने पाळी टोकाकडून सुरू करावी आणि गाळ काढण्याचे काम मृगापूर्वी, वैशाखातच उरकावे. पहिल्या पुराचे पाणी पाटात घेऊ नये. त्याबरोबर सर्वांत अधिक गाळ येतो.