दुसऱ्यांदा नाशिक: पायी आणि एकट्याने

नाशिकला पहिल्यांदाच येणाऱ्याला मी पायी फिरा असे सांगणार नाही. बरोबर आईवडील असतात, दर्शनाची यादी असते, परतीची वेळ ठरलेली असते. रिक्षावाला रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन एका दमात उरकून देतो आणि त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे आहे ते दुसऱ्या भेटीबद्दल. यादी संपलेली असते आणि नाशिक पाहून झाले अशी मनाची खात्री असते. ही खात्रीच फसवी असते, कारण रिक्षातून पाहिलेल्या नाशकातून एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे उंची. जुने नाशिक सपाटीवर वसलेले नाही. नऊ टेकांवरचे गाव ही त्याची पूर्वापार ओळख. टेकांवर वस्ती चढली, मधल्या खोलगटात बाजार बसला, आणि दोहोंना नदीचा धाक राहिला. हे सगळे आजही जमिनीच्या चढउतारात शाबूत आहे, पण ते पोटऱ्यांना कळते, गाडीच्या खिडकीतून नाही.

सुरुवात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीपासून करावी. बाहेरगावचा माणूस त्याला नमस्कार करून पुढे जातो. नाशिककरांच्या लेखी मात्र ती पुराची मोजपट्टी आहे. पावसाळ्यात वरच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गावात चौकशी होते ती क्युसेकची नव्हे, मारुतीच्या कमरेला पाणी लागले की गळ्याला, याची. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते डोक्यावरून गेले. मूर्तीच्या शेजारी उभे राहून ही उंची एकदा डोळ्यांत भरून घ्यावी आणि तीच पातळी मनात धरून पूल ओलांडून सराफ बाजाराकडे चालू लागावे. नारोशंकराची घंटा नदीच्या बाजूला कोटावर का टांगली, भांडी बाजारातल्या दुकानांचे उंबरे उंच का, सरकारवाड्याला एवढ्या पायऱ्या कशाला, हे प्रश्न मग आपोआप पडतात आणि बरेचसे सुटतातही. नारोशंकराचे मंदिर १७४७ चे आणि घंटा वसईच्या विजयाची खूण, ही माहिती कोणत्याही पुस्तिकेत सापडते. त्या घंटेपासून बाजार किती खाली आहे हे कुठल्याच पुस्तिकेत छापलेले नसते.

बाजारातून वर तिवंध्याकडे, डिंगर आळीकडे निघालात की दम लागतो. तो लागू द्यावा. एवढा चढ चढल्यावरच नदीपासून आपण किती वर आलो ते लक्षात येते. काठावरची जुनी गढी याच हिशेबात पाहायची. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर हाती लागले. म्हणजे पुरापासून वर राहायचे हा निर्णय या गावाने हजारो वर्षांपूर्वीच घेतला होता. आज मात्र त्याच गढीची माती पावसाळ्यात ढासळते आणि कडेच्या घरांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून गढी पायथ्यापासून लांबूनच पाहावी. पावसाळ्यात कडेवर जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. कडा कधी सुटेल सांगता येत नाही आणि वरच्या वस्तीला प्रेक्षकांची हौस नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पायी फिरायचे ते रोममध्ये, प्रागमध्ये, इथे पदपथ तरी कुठे आहेत? आक्षेप खोटा नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको हे पायी हिंडण्याचे भाग नव्हेत आणि तिथे अट्टहास करू नये. बसने किंवा रिक्षाने जावे. पण रोमचे उदाहरण काढलेच आहे तर ते पुरते बघू. तेही टेकड्यांवरचे आणि पूर येणाऱ्या नदीचे शहर. सांता मारिया सोप्रा मिनर्व्हा या चर्चच्या दर्शनी भिंतीवर जुन्या पुरांच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या आहेत आणि आपले पर्यटक त्या कौतुकाने बघतात. डिसेंबर १८७० च्या महापुरानंतर मात्र रोमने टायबरच्या दोन्ही काठांना उंच भिंती घातल्या, आणि तेव्हापासून नदी रस्त्याच्या कितीतरी खाली गेली. नाशकात अजून पायऱ्या उतरून पाण्याशी जाता येते, आणि पुराची खूण कोरीव रेघ नसून रोज शेंदूर लागणारा देव आहे. पदपथ नाहीत म्हणून हे सोडून द्यायचे, हे मला पटत नाही. सकाळी सहा ते नऊ या वेळात, बाजार उघडण्यापूर्वी, या गल्ल्या चालण्याजोग्या असतात. बुधवार असेल तर घाटावर आठवडे बाजार भरतो. त्या दिवशी बाजारच पाहावा, चढउतार दुसऱ्या दिवशी.

एकट्याने कशाला, हा दुसरा प्रश्न. जाणत्याबरोबरच्या वारसा फेरीतून माहिती भरपूर मिळते, ती जरूर घ्यावी. पण फेरीला वेळ पाळावी लागते आणि घोळक्यातला माणूस जमिनीकडे बघत नाही, बोलणाऱ्याकडे बघतो. उंची समजायला मधेच थांबावे लागते, दोन गल्ल्या मागे जावे लागते, त्याच पायऱ्या पुन्हा उतराव्या लागतात. सोबतीचे माणूस हे किती वेळ सोसेल? बाईमाणसाने एकटीने फिरावे का, असे विचारले जाते. घाट पहाटेपासून जागा असतो: पूजेचे गुरुजी, फुलवाल्या, स्नानाला आलेली कुटुंबे. अंधार पडल्यावर मात्र पुलांखालचे ओसाड टप्पे टाळावेत, आणि हे पुरुषांनीही पाळावे. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन आलेले असतात. तिथे मोबाइल खिशात ठेवावा, हे सांगावे लागते हीच खरे तर खेदाची गोष्ट.

काळारामाला पुन्हा दर्शनासाठी जायचे नसले तरी कोटाच्या बाहेरून एक फेरी घालावी. उंचीशी याचा थेट संबंध नाही, तरी सांगतो. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात सत्याग्रही चारही दरवाजांवर बसले होते. एका दाराने आत शिरून बाहेर पडणाऱ्या भाविकाला हे चार दरवाजे एकमेकांपासून किती दूर आहेत याची कल्पना येत नाही, आणि त्या वेढ्याचा पल्लाही कळत नाही.

तिथून रामकुंडाकडे उतरताना सरदार चौक लागतो. सगळ्यात मोठा इशारा याच उताराबद्दल आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या पर्वणीत या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. सकाळी रिकाम्या रस्त्यावरून सहज उतरणाऱ्याला हे खरे वाटत नाही. म्हणूनच तिथे थांबून दोन्ही बाजूंच्या भिंतींमधले अंतर पाहावे. उतार असला की मागून येणारा रेटा वाढत जातो आणि पुढच्याला पाय रोवायला जागा उरत नाही. गर्दीतले नाशिक हेच खरे नाशिक, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि श्रद्धेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण गर्दीत जमीन दिसत नाही. पुढचे सिंहस्थ स्नान २०२७ मध्ये आहे, त्यासाठीची कामे चालली की घाटाचे काही भाग अडवलेले सापडतील. तेव्हा आधी एखाद्या साध्या दिवशी, घट्ट पट्ट्याच्या चपला घालून, शेवाळलेल्या पायऱ्यांना जपून चालून जावे. पर्वणीलाच यायचे असेल तर नेमून दिलेल्या मार्गाने उतरावे, त्याच उतारावर कुणाची वाट बघत उभे राहू नये, आणि बरोबरच्यांना भेटण्याची जागा आधीच, वर सपाटीला ठरवून ठेवावी.