मन खचते तेव्हा

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत कमी गुण मिळाले तर तुम्ही काय करता? काही मुले गुणपत्रिका दप्तरात लपवतात. काही जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. 'आता सगळे संपले,' असे त्यांना वाटते. अशा वेळी एका विद्यार्थ्याची ही हकीकत आठवा.

हा विद्यार्थी रामेश्वरमचा. घरची परिस्थिती बेताची होती. विमानविद्या शिकण्यासाठी मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्याची निवड झाली. पण प्रवेशासाठी सुमारे १००० रुपये हवे होते. ते कोठून आणायचे? तेव्हा त्याची बहीण पुढे आली. तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. भावाचे शिक्षण पूर्ण झाले.

आपण विमान चालवावे, हे त्याचे स्वप्न होते. हवाई दलाच्या निवडीसाठी तो डेहराडूनला गेला. उमेदवार होते २५ आणि जागा होत्या ८. त्याचा क्रमांक नववा आला! अगदी थोडक्यात संधी हुकली.

त्याला फार दुःख झाले. तो जवळच्या हृषीकेशला गेला. तेथे स्वामी शिवानंदांना भेटून त्याने आपले दुःख मोकळेपणाने सांगितले. स्वामींनी त्याला धीर दिला. मग तो दिल्लीला परतला. तेथे त्याने आधी एक मुलाखत दिली होती. ती नोकरी त्याला मिळाली. १९५८ साली तो २५० रुपये पगारावर कामावर रुजू झाला.

हा विद्यार्थी म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पुढेही त्यांना अपयश आले. १९७९ साली त्यांच्या प्रकल्पातील अग्निबाण समुद्रात कोसळला. १९८० साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि तो यशस्वी झाला. २००२ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले.

मुलांनो, दुःख होण्यात कमीपणा नाही. शरीराला ताप येतो, तसे मनही थकते. उद्या तुम्ही कॉलेजात जाल, कदाचित घरापासून दूर राहाल. झोप लागेनाशी झाली, अभ्यास नकोसा वाटू लागला, तर गप्प बसू नका. आईवडिलांना, शिक्षकांना किंवा मित्राला सांगा. गरज पडल्यास डॉक्टरांकडे जा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि वर्गातील एखादा मित्र अचानक अबोल झाला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. 'काय झाले?' एवढे तरी विचारा.

शब्दार्थ
खचणे – धीर सुटणे
बेताची – जेमतेम
गहाण ठेवणे – वस्तू तारण देऊन कर्ज घेणे
रुजू होणे – कामावर हजर होणे
अबोल – न बोलणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बहिणीने काय गहाण ठेवले?
(आ) डेहराडूनला किती जागा होत्या?
२. हृषीकेशला गेल्यावर कलामांनी काय केले?
३. वाक्यात उपयोग करा : धीर देणे, संधी हुकणे.
४. तुमचा मित्र नापास झाला आहे. त्याला धीर देणारे पत्र लिहा.