तुम्ही किती देवाचे?



चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरावर गोंडांच्या घरी सोयरीक निघाली की आधी विचारलं जातं, तुम्ही किती देवाचे? चार, पाच, सहा की सात? देवांची संख्या जुळली तर लग्न होत नाही, कारण सारख्या देवांची माणसं एकमेकांची भाऊबंद ठरतात. म्हणजे या घरात येणारी प्रत्येक सून वेगळ्या देवाच्या घरातून येते. पुढे पेनाच्या, म्हणजे सासरच्या कुळदेवाच्या, पूजेत तिला सामावून घेतात. पण तिचं माहेर, माहेरचे देव, माहेरची माणसं तिच्या मनातून कुणी काढून घेत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोंडांची लेकरं अशा आईच्या कुशीत वाढली आहेत.

हे आज सांगावंसं वाटलं, कारण तुम्ही पुष्कळ आईबाप काळजीत दिसता. पोरगा चंद्रपूरच्या वसतिगृहातून येतो आणि देवीला कोंबडं कापायला नको म्हणतो. पोरगी पुस्तकं वाचून बुद्धवंदना म्हणायला लागते. कुणाचा भाऊ माळ घालून मटण सोडतो, तर कुणाची सून येशूची प्रार्थना करते. आणि तुम्ही म्हणता, आमच्या घरात असं कधी नव्हतं.

आपल्या डोंगराला तरी हे नवं नाही. जिवती आधी ज्या राजुरा तालुक्यात होती, तो 1956 पर्यंत निजामाच्या काळापासूनच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1959 मध्ये तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याला जोडला गेला. गोंड आणि कोलाम इथले जुने. मग बंजारे आले, आपले संत सेवालाल महाराज यांना घेऊन. मराठवाड्यातून, विशेषतः 1972 च्या दुष्काळानं, नांदेड-परभणीकडची माणसं पोटासाठी इथं चढून आली आणि पंढरीची वारी, चांद्याच्या महाकालीची चैत्रातली यात्रा सोबत घेऊन आली. आपल्यातलीच बौद्ध कुटुंबं 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातात. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 1956 साली, बाबासाहेबांनी तिथं दीक्षा दिली होती. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाताना देव बदलतो, हे आपण कधीच मान्य केलं आहे. आता तो एकाच घरात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना बदलतो. मनाला लागतं ते एवढ्यासाठीच की हे आपल्याच लेकराच्या तोंडून ऐकावं लागतं.

महात्मा फुल्यांनी याच घराचं चित्र काढून ठेवलं आहे. 1888 मध्ये पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हातानं लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. ते छापून आलं 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. घरातली बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून मनाला पटलं तर बौद्ध होते. नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते आणि मुलगा सत्यधर्मी होतो. आणि ही चौघं कुणाच्याही धर्माचा द्वेष न करता एका निर्मिकाची, म्हणजे निर्माणकर्त्याची, लेकरं म्हणून एकत्र, प्रेमानं राहतात. सव्वाशे वर्षांहून जुनी ही गोष्ट आहे, आणि लिहिणाऱ्यानं स्वतःच्या घरी एका ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेऊन वाढवलं होतं.

त्या चित्रातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. फुल्यांनी निवडीचा पहिला मान बाईला दिला आहे. ती वाचते, ती ठरवते, मग बाकीचे. आपण मात्र घर जोडणारी आई म्हणजे सगळ्यांचं ऐकणारी, स्वतःचं काहीच मत नसलेली बाई समजतो. ती दुपारी मुलासाठी वेगळी भाजी करते, रात्री नवऱ्याचं रागावणं सोसते आणि सासूला खोटं सांगते. याला घर जोडणं म्हणू नका. ती थकते, आणि तिच्या थकण्यावर उभी राहिलेली शांतता पहिल्या आजारपणात कोसळते.

आपल्याच जिल्ह्यातलं, कुष्ठरोग्यांसाठी उभारलेलं आनंदवन आठवा. साधनाताई आमटे नागपूरच्या घुल्यांच्या कर्मठ, सोवळ्याच्या घरातल्या. 1946 मध्ये त्यांचं बाबा आमट्यांशी लग्न झालं. ताई श्रद्धाळू, आणि बाबा देव-देव करणाऱ्यातले नव्हते. शिवाय कुष्ठरोग म्हणजे मागच्या जन्मीचं पाप अशी समजूत तेव्हा घराघरात होती. ताईंनी आपला देव सोडला नाही, आणि त्याच हातांनी रोग्यांची सेवा केली. 1949 मध्ये वरोऱ्याला उभं राहिलेलं काम त्या दोघांचं आहे. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला आपल्यासारखं करण्यात संसार खर्ची घातला नाही. साधनाताईंचं आत्मकथन ‘समिधा’ मिळालं तर घरात आणून वाचा, मुलांनाही वाचू द्या.

तर आई, तुम्ही तुमच्या देवीला दिवा लावत असाल तर लावा, मुलासमोर लावा. तो हात जोडणार नसेल तर त्याला ओढू नका, आणि तो उभा नाही म्हणून स्वतःचा दिवा लपवूही नका. लेकरांना फरक दिसू द्या. आई एक मानते, बाबा दुसरं मानतात आणि तरी दोघं एकाच ताटावर बसतात, हे पाहिलेलं मूल बाहेरच्या भांडणाला सहज बळी पडत नाही.

एका ठिकाणी मात्र सोसायचं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याच जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं गेलं. जादूटोणाविरोधी कायदा त्याआधी आठ वर्षं, 2013 पासून लागू होता. मारणारे कुणाच्या तरी घरची लेकरं होती. आजार कुणी केला, नजर कुणाची लागली, अमकीच्या दारावरून जाऊ नको, हे बोलणं चुलीपाशी सुरू होतं आणि तिथंच थांबवता येतं. ‘माझ्या घरात कुणावर आळ घ्यायचा नाही’ असं म्हणणारी आई तिथं हवी. तापानं फणफणलेलं मूल आधी दवाखान्यात न्यायचं, रक्त तपासायचं. पुजाऱ्याकडे जायचंच असेल तर त्यानंतर. यात श्रद्धेचा अपमान नाही. पण या क्रमावर आईनं कुणाशीही तडजोड करू नये, सासऱ्यांशीही नाही.

आणि बाबा, हे सगळं आईवर ढकलू नका. मी ज्या ज्या घरांत असा ताण पाहिला, तिथं बापानं रागानं बोलणं टाकलं होतं आणि निरोप आईच्या तोंडून जात होते. ‘तुझ्या पोराला सांग’ हे वाक्य आजपासून बंद करा. मुलानं देव सोडला तर कारण त्याला विचारा, आणि मधे न बोलता ऐका. पटलं नाही तर तसं सांगा. पण शेत, शिक्षणाचे पैसे, लग्न यांपैकी काहीही त्याच्या श्रद्धेशी बांधू नका. भीतीपोटी हात जोडणारा मुलगा चंद्रपूरला गेल्यावर फोन उचलत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता दिवाळीची सुट्टी येईल, आश्रमशाळेतली आणि वसतिगृहातली पोरं घरी येतील. पहिल्या संध्याकाळी हा विषय काढू नका. कापूस वेचायला, लाकडं आणायला आपल्या मुलाला सोबत घेऊन जा, मेसच्या जेवणाचं, अभ्यासाचं विचारा. पूजेच्या दिवशी तो बाजूला बसणार असेल तर नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगून ठेवा, म्हणजे चार माणसांत त्याच्यावर प्रश्नांचा मारा होणार नाही आणि आईला मधे पडावं लागणार नाही. हे सांगण्याचं काम या वेळी तुमचं, बाबा.