नागीण : उतारा नको, उपचार हवा

अंगावर नागीण उठली की आपल्या वस्तीत अजूनही गेरू लावतात, मंत्राने उतरवून घेतात. नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, असेही सांगतात. परंपरेने चालत आले म्हणून काही खरे मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आपणही ही समजूत तपासून पाहू.

नागिणीचा सापाशी संबंध नाही. कांजिण्यांच्याच विषाणूमुळे ती होते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी हा विषाणू शरीर सोडत नाही. मेंदू आणि मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निपचित राहतो. वाढते वय, मधुमेह, एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार किंवा स्टिरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो. मग एका मज्जातंतूच्या वाटेने तो त्वचेवर येतो. म्हणून आधी ठणका लागतो, नंतर शरीराच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो. तोंड-शेपटीची भीती निराधार आहे.

खरा धोका वेगळा आहे. कपाळावर किंवा डोळ्याजवळ नागीण उठली तर दृष्टी जाऊ शकते. त्याच मज्जातंतूचे धागे मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. विषाणू तिथे पोहोचला तर रक्तवाहिन्या सुजून अरुंद होतात आणि फोड सुकल्यानंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनीही लकवा मारू शकतो. कधी मेंदूलाच सूज येते. असे क्वचित घडते, पण घडले तर घराचा आधारच खचतो.

म्हणून एवढे करा :

• फोड दिसताच, 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. असायक्लोव्हिरसारखे विषाणूरोधक औषध लवकर सुरू झाले तर जास्त गुण येतो. गोळ्या मध्येच बंद करू नका.
• डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• तीव्र डोकेदुखी, बरळणे, झटके, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा. पूर्वी नागीण झाली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.
• फोड झाकून ठेवा. खपली धरेपर्यंत गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांपासून दूर राहा.

मांत्रिकाच्या दारात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. आधी दवाखाना, हेच आम्ही पुन्हा सांगतो.

जय भीम! नमो बुद्धाय!