साल बघ, सही बघ, मग शब्द धर

पोरी, देश सोडून गेलेल्यांचे चेक कागद इंग्रजीत न्यायचं काम घेतलंयस, तर कोश उघडण्याआधी दोन गोष्टी बघत जा: कागदावरचं साल आणि खालची सही. निम्मे शब्द तिथंच ठरतात.

जाणारा कोण? प्रोटेस्टंट हरले त्या १६२० च्या बीला होरा लढाईनंतर धर्मापायी ज्यांना बाहेर पडावं लागलं, ते 'एग्झुलंत'. शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की त्यांतलाच; १६२८ मध्ये पोलंडात गेला आणि शेवटी अॅमस्टरडॅमला वारला. एकोणिसाव्या शतकात पोटापाण्यासाठी टेक्सस-नेब्रास्काकडे गेले ते 'विस्त्येहोवलेत्स'. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर आणि १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्यावर निसटले ते 'एमिग्रंत'. पहिल्याला इंग्रजीत एक्झाइल म्हण, दुसऱ्याला एमिग्रंट. तिसऱ्यालाही एमिग्रंट चालेल, पण त्या काळच्या सरकारी कागदात हा शब्द आरोपासारखा येतो. परवानगीवाचून देश सोडणं किंवा बाहेर राहणं हा १९६१ च्या दंडसंहितेत कलम १०९ खाली गुन्हा होता. कलमाचा उल्लेख आला तर तो गाळू नकोस, मवाळही करू नकोस.

'से' सांभाळ. 'विस्त्येहोवत से' म्हणजे आपण होऊन बिऱ्हाड हलवणं, देश सोडणं. 'से' नसेल तर कुणीतरी दुसऱ्याला घराबाहेर काढलंय. चेकमधला हा दोन अक्षरांचा शब्द नजरेतून सुटला की स्थलांतर आणि हकालपट्टी यांची अदलाबदल होते.

व्हिसा म्हणायची घाई नको. 'वीयेझ्द्नी दोलोश्का' हा कम्युनिस्ट काळात आपल्याच सरकारनं पश्चिमेकडे जाण्यासाठी दिलेला बाहेर पडण्याचा परवाना. व्हिसा देतो तो समोरचा देश. इथं एक्झिट परमिटच लिही.

'ओत्सुन' आला की थांब. १९४५-४६ मध्ये जर्मन भाषकांना देशाबाहेर पाठवलं, त्याला चेक लोक हा शब्द वापरतात. पॉट्सडॅम कराराच्या इंग्रजीत ट्रान्सफर आहे. गेलेल्यांची बाजू एक्सपल्शन म्हणते. लिहिणाऱ्याचा शब्द पोचव, न्यायनिवाडा करू नकोस.

'तर्वली पोबित' दोन तऱ्हेचं असतं. परदेशी माणसाच्या कागदावर तो कायम वास्तव्याचा परवाना. चेक नागरिकाच्या ओळखपत्रावर मात्र नुसता नोंदणीचा पत्ता. नागरिकाला परवाना देऊन बसलीस तर समोरचा कारकून त्याला परदेशी समजेल.

तारखा बोट ठेवून वाच. 'चेर्वेन' जून, 'चेर्वेनेत्स' जुलै. जुन्या हस्ताक्षरात शेपूट पुसट असली की महिना चुकतो आणि जन्मतारीख जुळत नाही.

दुरुस्त्या करू नकोस. १९१८ च्या आधीच्या जहाजयादीत देश ऑस्ट्रिया लिहिलाय, तर ऑस्ट्रियाच ठेव. चेकोस्लोव्हाकिया तेव्हा जन्मलाही नव्हता. यादीत बायको नोव्हाक आणि गावच्या नोंदवहीत नोव्हाकोवा असेल, तर दोन्ही रूपं जशीच्या तशी दे आणि खाली टीप टाक. 'दोमोफ्स्की लिस्त' जन्मदाखला नव्हे. हलाखीत ज्या गावानं सांभाळायचं, त्या गावाशी असलेल्या हक्काचा तो दाखला; ही पद्धत १९४८ अखेर संपली.

शिक्क्याचं आधी विचार. चेकियातल्या सरकारी कामाला न्यायालयीन भाषांतरकाराचा शिक्का लागतो. २०२१ पासून दुभाषा आणि भाषांतरकार यांची नोंदणी वेगवेगळी आहे. कुणाचा शिक्का चालेल हे कार्यालयाला विचारूनच काम घे, नाहीतर तेच पान दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्यावं लागतं.

आणि कागदाचा धनी हयात असेल तर त्यालाही विचार, तो स्वतःला काय म्हणवतो. त्याच्या पत्रात त्याचा शब्द घाल, पोलिसांच्या कागदात पोलिसांचा. दोन्ही कागद एकाच माणसाचे असले तरी शब्द एकसारखे करायच्या फंदात पडू नकोस.